जुना रॅक सर्व्हर घरच्या साठवणीसाठी: काय काढायचं, काय ठेवायचं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तो कसा टिकवायचा

प्रश्न थोडक्यात असा. हिंगण्याच्या एका कारखान्याने जुनं सामान काढलं, त्यात डेलचा पॉवरएज आर७२० स्वस्तात मिळाला. २यू (रॅकच्या दोन घरांच्या) उंचीचा, समोर साडेतीन इंची डिस्कचे ८ कप्पे, २ प्रोसेसर, ८ जीबीच्या १६ पट्ट्या म्हणजे १२८ जीबी रॅम, पर्क एच७१० मिनी कंट्रोलर (डिस्क हाताळणारं कार्ड), ७५० वॉटचे २ पॉवर सप्लाय. डिस्क एकही नाही. घर मानेवाड्याला, वरच्या मजल्यावर, एसी फक्त एका खोलीत. घरचे फोटो, भावाच्या लग्न-शूटिंगच्या फाइली आणि दोन लॅपटॉपचा बॅकअप यावर ठेवता येईल का, आणि बिल किती वाढेल?

ठेवता येईल. पण हे यंत्र जसं आलंय तसं चालवू नका. कारखान्यात ते शंभर लोकांसाठी, एसीच्या खोलीत, कंपनीच्या बिलावर चालत होतं. घरी त्याला फाइली सांभाळायच्या आहेत, आणि त्या कामाला त्यातला निम्मा ऐवज लागतच नाही. उलट तो निम्मा ऐवज दिवसरात्र वीज खातो आणि खोली तापवतो.

आधी बिलाचं बघू, कारण बरेच जण तिथेच अडकतात. दोन प्रोसेसर, सोळा पट्ट्या आणि दोन पॉवर सप्लाय असलेला या पिढीचा सर्व्हर काहीही काम नसताना, डिस्क न धरता, साधारण १२० ते १६० वॉट घेतो. त्यात सहा डिस्क टाकल्या की १९० पर्यंत जातो. १९० वॉट चोवीस तास चालले तर ३० दिवसांत १३७ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे असतात. तुमचा आजचा वापर १०० च्या आसपास असेल तर हे जवळजवळ सगळे जादाचे युनिट पुढच्या, बऱ्याच महाग टप्प्यात पडतात. म्हणून सरासरी दराने हिशेब करू नका. मागच्या बाराही महिन्यांची बिलं काढा, प्रत्येक महिन्यात १३७ मिळवा आणि कुठल्या टप्प्यात जाता ते पाहा. कूलर-एसीच्या महिन्यांत तुम्ही आधीच वरच्या टप्प्यात असाल, तिथे सर्व्हरचं प्रत्येक युनिट सर्वात महाग दराने लागेल.

खालच्या पद्धतीने यंत्र हलकं केलं तर सहा डिस्क धरून १०० ते ११५ वॉटवर येतं. ११० धरले तर महिन्याला ७९ युनिट. सर्व्हर फक्त संध्याकाळी ५ तास चालवला तर १६ ते १७ युनिट. बॅकअपपुरता वापर असेल तर हा तिसरा पर्याय सगळ्यात शहाणपणाचा, आणि तो कोणी फारसा सुचवत नाही. हे आकडे अंदाजाचे आहेत. तुमच्या यंत्राचा खरा आकडा आयड्रॅकच्या (सर्व्हरवर दुरून नजर ठेवणाऱ्या, आतच बसवलेल्या छोट्या यंत्रणेच्या) पॉवरच्या पानावर दिसतो, नाहीतर भिंतीच्या प्लगमध्ये लावायचा छोटा वीजमापक घ्या.

एक स्पष्ट सांगतो: एकूण साठवण ८ टीबीच्या आत बसत असेल आणि डिस्क दोनच लावायच्या असतील, तर चौथ्या पिढीचा जुना आय५ डेस्कटॉप हेच काम ३५-४० वॉटमध्ये, आवाज न करता करतो. रॅक सर्व्हर घ्यायला तीनच चांगली कारणं आहेत: समोरून ओढून काढता येणारे आठ कप्पे, ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) मेमरी, आणि स्क्रीन-कीबोर्ड न लावता दुसऱ्या खोलीतून ताबा घेता येणारं आयड्रॅक. शूटिंगच्या फाइली असल्यामुळे तुमच्या बाबतीत पहिलं कारण खरं आहे, म्हणून पुढे जाऊ.

काही काढण्याआधी सगळं जागेवर असताना तपासणी करा. झाकण उघडून ब्लोअरने धूळ उडवा, पण उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा त्याच्या वेगापेक्षा जोरात फिरला तर बेअरिंग जातं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. कारखान्यात दहा वर्षं पडलेल्या यंत्रात तो मेलेलाच असतो, आणि मग दर वेळी लाईट गेली की घड्याळ आणि सेटिंग दोन्ही जातात. एच७१० ला जोडलेली छोटी लिथियम बॅटरी फुगलेली आहे का पाहा. फुगली असेल तर टोचू नका, दाबू नका, काढून ई-कचऱ्यात द्या. आयड्रॅक मूळ स्थितीत आणा, पासवर्ड लगेच बदला, बायोस आणि आयड्रॅकचं फर्मवेअर शेवटच्या आवृत्तीवर न्या. त्यानंतर मेमटेस्ट २४ तास चालवा. सोळापैकी एखादी पट्टी चुका देत असेल तर ती आत्ताच कळते, आणि कोणत्या चार पट्ट्या ठेवायच्या तेही ठरतं.

आता उतरवायला घ्या. दुसरा प्रोसेसर काढा. मोकळ्या सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण बसलंच पाहिजे, कारण एलजीए२०११ सॉकेटच्या पिना खाली असतात आणि स्क्रू पडून एक पिन वाकली तरी बोर्ड गेला समजा. हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) जागी ब्लँक, म्हणजे रिकामी जागा बुजवणारा तुकडा, बसवा. तो नसेल तर जाड पुठ्ठा त्या मापाने कापून बसवला तरी चालतो, पण जागा उघडी ठेवू नका. हवा सोपा रस्ता धरते. एका बाजूला पोकळी मिळाली की ती तिथूनच निसटते आणि चालू प्रोसेसरच्या पात्यांतून कमी जाते. रिकाम्या डिस्क कप्प्यांचे आणि काढलेल्या पॉवर सप्लायच्या जागेचे ब्लँकही याच कारणासाठी हवेत. झाकण उघडं ठेवलं तर थंड राहील हा तर फार जुना गैरसमज. या यंत्रात हवा समोरून मागे ओढली जाते ती झाकण आणि आतलं काळं प्लास्टिकचं आवरण जागेवर असेल तरच. झाकण काढून चालवलं की उलट तापतं.

एक प्रोसेसर गेला की त्याच्या बाजूच्या १२ रॅम खाचा आणि काही पीसीआय-ई स्लॉटही झोपतात. कुठला स्लॉट कुठल्या प्रोसेसरचा, त्याचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. नवीन कार्ड कुठे जाणार ते तिथे पाहूनच ठरवा, नाहीतर कार्ड दिसत नाही म्हणून तासभर डोकं खाजवाल. रॅमच्या चार पट्ट्या पहिल्या प्रोसेसरच्या पांढऱ्या लिव्हर असलेल्या चार खाचांत ठेवा, म्हणजे चारही चॅनेल भरतात. ३२ जीबी घरच्या साठवणीला भरपूर झाली. दर टीबीला १ जीबी रॅम पाहिजेच, हा नियम घरच्या वापराला लागू पडत नाही. जास्त रॅम असेल तर झेडएफएस (यावर बसवायच्या ट्रूनॅस या साठवणीच्या ऑपरेटिंग सिस्टमची फाइली ठेवण्याची पद्धत) ती कॅशेला वापरतो, एवढंच. डीडुप्लिकेशन (सारखे तुकडे एकदाच साठवणं) चालू केलं तर मात्र रॅम खरंच खपते, आणि फोटो-व्हिडिओंवर त्याचा उपयोग जवळपास शून्य, म्हणून ते बंदच ठेवा. उरलेल्या बारा पट्ट्या जपून ठेवा, सुटे भाग म्हणून कामी येतात.

कमी वॉटचा 'एल' मालिकेचा प्रोसेसर घ्या असा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. त्यावर पैसे घालू नका. ६० किंवा ७० वॉट ही पूर्ण भाराच्या वेळची मर्यादा आहे. रिकामा बसलेला साधा ई५-२६०० आणि रिकामा बसलेला 'एल' यांच्यात फारसा फरक नसतो, आणि तुमचा सर्व्हर ९० टक्के वेळ रिकामाच बसणार आहे. त्यापेक्षा बायोसमध्ये सिस्टम प्रोफाइल 'परफॉर्मन्स पर वॉट' वर ठेवा आणि सी-स्टेट (काम नसताना प्रोसेसरने घ्यायची झोप) चालू आहेत ना ते बघा. कारखान्यातल्या माणसाने ते बहुतेक वेळा 'परफॉर्मन्स' वर अडकवलेलं असतं.

पॉवर सप्लाय एक काढा. आयड्रॅकमध्ये रिडंडन्सी 'नॉट रिडंडंट' करा, नाहीतर समोरचा दिवा कायम केशरी राहील आणि खरी अडचण आली तेव्हा तुमचं लक्ष जाणार नाही. दुसरा सप्लाय कपाटात ठेवा. दोन तारा दोन वेगळ्या यूपीएसवर लावणार असाल तरच दोन सप्लायना अर्थ आहे.

आता मुख्य गाठ: पर्क एच७१०. हे रेड कार्ड, म्हणजे अनेक डिस्क स्वतःच एकत्र बांधणारं, डिस्क सरळ ऑपरेटिंग सिस्टमला दाखवत नाही. मग लोक प्रत्येक डिस्कचा एक-एक 'रेड-०' करून ट्रूनॅसला देतात. चालतं, दिसतं छान, आणि दीड वर्षाने रडवतं. झेडएफएसला डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो) नीट मिळत नाही, मध्ये कार्डाची स्वतःची कॅशे बसते, आणि कार्ड मेलं तर डिस्कवरची रचना दुसऱ्या साध्या कार्डाला वाचता येईलच असं नाही. झेडएफएसचा सगळा भरवसा डिस्क आणि त्याच्या मध्ये कोणी नसण्यावर आहे.

मार्ग तीन. एच७१० मिनीवरच वेगळं फर्मवेअर चढवून त्याला साधं एचबीए (डिस्क नुसत्या जोडून देणारं कार्ड) करता येतं. पण कार्डाची कुठली रिव्हिजन आहे यावर कृती बदलते, आणि मिनीच्या खास स्लॉटमध्ये सर्व्हरला न ओळखणारं फर्मवेअर बसलं तर तो चालू व्हायलाच नकार देतो. दुसरा मार्ग एच३१० मिनी: ते डिस्क जशाच्या तशा दाखवतं, पण मूळ फर्मवेअरमध्ये त्याची कामांची रांग अवघी २५ ची असते. सहा डिस्कवर एकदम बोजा आला, विशेषतः डिस्क बदलून पुन्हा भरणी चालू असताना, की सगळं गोगलगाय होतं. तिसरा मार्ग, आणि पहिल्यांदाच करणाऱ्याने हाच घ्यावा: एलएसआय ९२०७-८आय किंवा ९२११-८आय, 'आयटी' (डिस्क जशाच्या तशा दाखवणाऱ्या) मोडच्या फर्मवेअरसह, साध्या पीसीआय-ई स्लॉटमध्ये. या पिढीच्या चिपला पी२० मालिकेतलं २०.००.०७.०० हे फर्मवेअर हवं. पी२० च्या सुरुवातीच्या आवृत्त्या खराब म्हणून ओळखल्या जातात, तेव्हा शेवटचे आकडे नीट वाचा.

त्या कार्डापासून समोरच्या बॅकप्लेनपर्यंत (डिस्क ज्याला जोडल्या जातात तो कप्प्यांमागचा बोर्ड) एसएफएफ-८०८७ च्या दोन केबल लागतात. मूळ केबल मिनी कार्डासाठी बनलेली असते, ती इथे बसत नाही. लांबी डोळ्याने ठरवू नका. सुतळी घेऊन बॅकप्लेनपासून, पंख्यांच्या कडेने, कार्डापर्यंत प्रत्यक्ष वाटेने लावा आणि वर १० सेंटिमीटर मिळवा. केबल पंख्यावरून ताणून नेली की झाकण लागत नाही. सीताबर्डीत साध्या साटा केबल ढिगाने मिळतात, ही मात्र बहुतेक मुंबई, दिल्ली किंवा हैदराबादहून मागवावी लागते. म्हणून कार्ड आणि केबल एकत्रच मागवा. विकणाऱ्याला एक प्रश्न विचारा: कार्डावर बूट रॉम आहे की पुसलाय? बरेच जण सर्व्हर लवकर सुरू व्हावा म्हणून तो पुसतात. मग समोरच्या कप्प्यातल्या एसएसडीवरून यंत्र सुरूच होत नाही.

आठपैकी सहा कप्प्यांत साठवणीच्या डिस्क, एकात १२० किंवा २४० जीबीचा साटा एसएसडी ट्रूनॅससाठी, आणि एक रिकामा. तो रिकामा कप्पा वाया गेलेला नाही. एखादी डिस्क कुरकुरायला लागली की नवी तिथे लावून, जुनी चालू असतानाच बदली करता येते, आणि बदलीच्या त्या नाजूक तासांत पूलची (सगळ्या डिस्क मिळून होणाऱ्या साठ्याची) सुरक्षा कमी होत नाही. पेनड्राइव्हवर ट्रूनॅस बसवू नका. सततच्या लिहिण्याने तो काही महिन्यांतच दगा देतो.

डिस्ककडे वळू. या एचबीए कार्डाला साटा (घरगुती संगणकाच्या) आणि एसएएस (सर्व्हरच्या) दोन्ही प्रकारच्या डिस्क चालतात. जुन्या ४ टीबी एसएएस डिस्क स्वस्त मिळतात, पण दोन गोष्टी बघा. एक, त्या रिकाम्या फिरतानाही साटापेक्षा दोन-तीन वॉट जास्त घेतात. सहा डिस्कचे मिळून हे महिन्याला १० युनिटांच्या आसपास जातं. दुसरं, मोठ्या स्टोरेज यंत्रातून निघालेल्या डिस्कवर सेक्टर ५१२ ऐवजी ५२० बाइटचा असतो. ट्रूनॅसला अशी डिस्क दिसते पण वापरता येत नाही. एसजी-फॉरमॅट या साधनाने ती ५१२ वर आणता येते. एका डिस्कला कित्येक तास लागतात आणि मध्ये लाईट गेली तर पहिल्यापासून, म्हणून यूपीएस आधी बसवा आणि मग हे काम काढा. साटा घेणार असाल तर एसएमआर (एकावर एक चढणाऱ्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) पद्धतीची डिस्क टाळा. रोजच्या वापरात फरक जाणवत नाही, पण एक डिस्क बदलून पूल पुन्हा भरताना तासांचं काम दिवसांवर जातं, आणि नेमक्या त्याच वेळी दुसरी डिस्क मरण्याची भीती असते.

स्मार्ट अहवालात ५, १९७ आणि १९८ हे क्रमांक शून्य हवेत. १९९ वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल आणि कप्प्याचा सांधा बघा. एसएएस डिस्कवर हे क्रमांक नसतात, तिथे 'ग्रोन डिफेक्ट'ची संख्या पाहा. शून्य उत्तम, दोन-चार असून वाढत नसतील तर चालवून घ्या, वाढतात असं दिसलं की परत करा. मग बॅडब्लॉक्सची पूर्ण लिहून-वाचून चाचणी. ४ टीबीची डिस्क सरासरी १५० एमबी वेगाने एकदा भरायला साडेसात तास, वाचायला तेवढेच, आणि असे चार फेरे, म्हणजे अडीच दिवस. सहाही डिस्क एकाच वेळी चालतात. हा वेळ कंजूषी करून वाचवू नका. जुनी डिस्क मरायचीच असेल तर फोटो चढवण्याआधी मेलेली बरी. आणि हो, आधीच्या मालकाचा डेटा डिस्कवर असेल तर तो न उघडता पुसायचा.

आर७१० किंवा त्याआधीचा सर्व्हर कोणी देऊ केला तर एवढं लक्षात ठेवा: त्यातलं पर्क ६/आय कार्ड २ टीबीपेक्षा मोठी डिस्क पूर्ण ओळखतच नाही.

आता उष्णता. इथे पुण्या-मुंबईचा सल्ला चालत नाही. आर७२० ला समोरून आत जाणारी हवा १० ते ३५ अंश असावी अशी निर्मात्याची मर्यादा आहे. नागपुरात एप्रिल-मे मध्ये बाहेर ४३ ते ४६ अंश असतं, नवतपात रात्री दहाला सुद्धा स्लॅब तापलेला असतो, आणि वरच्या मजल्याची बंद खोली ३८-४० वर सहज जाते. माळ्यावर, जिन्याखालच्या बंद कपाटात किंवा गच्चीवरच्या खोलीत हे यंत्र ठेवायचा विचार सोडा. ११० वॉट म्हणजे जुन्या काळचा मोठा पिवळा दिवा रात्रंदिवस पेटवून कपाटात ठेवल्यासारखं.

तळमजल्यावर किंवा उत्तरेकडच्या खोलीत, पश्चिमेची भिंत सोडून जागा शोधा. समोर किमान १५, मागे ३० सेंटिमीटर मोकळं ठेवा आणि मागची गरम हवा खिडकीकडे जाऊ द्या. खोलीत कूलर असेल तर चांगलंच, कोरड्या मे महिन्यात तो खोलीचं तापमान दहा अंश तरी उतरवतो. मात्र सर्व्हर कूलरच्या झोतात ठेवायचा नाही. वाळ्याच्या ताटीतून बारीक थेंब आणि पाण्यातला क्षार उडतो, तो बोर्डावर पांढरा थर होऊन बसतो. कूलरच्या समोरच्या भिंतीला नाही, तर काटकोनात ठेवा. निर्मात्याने ओलाव्यालाही मर्यादा घातली आहे: सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांपर्यंत. मे मध्ये कूलर चालवून आपण त्याच्या जवळपासही जात नाही. जुलैत बाहेरच दमट असताना बंद खोलीत कूलर चालवला तर जातो. पाऊस लागला की त्या खोलीतला कूलर बंद करून नुसता पंखा चालवा.

आवाजाचा प्रश्न याच उष्णतेशी बांधलेला आहे. सहा पंखे स्वतःच्या मर्जीवर सोडले तर ते घरात सहन होत नाहीत, आणि डेलचं नसलेलं पीसीआय-ई कार्ड दिसलं की आयड्रॅक घाबरून त्यांचा वेग आणखी वाढवतो. या पिढीच्या आयड्रॅक ७ वर आयपीएमआयटूल या कमांडच्या साधनाने वेग हातात घेता येतो. 'रॉ' कमांडच्या पुढे प्रत्येक आकड्याआधी शून्य-एक्स लावून ३०, ३०, ०१, ०० दिलं की पंखे तुमच्या ताब्यात. मग ३०, ३०, ०२, एफएफ आणि शेवटी वेग. वेग सोळाच्या अंकपद्धतीत द्यायचा असतो: १४ म्हणजे २० टक्के, १९ म्हणजे २५, २३ म्हणजे ३५. परत स्वयंचलित करायला ३०, ३०, ०१, ०१. ट्रूनॅसमधूनच हे चालवलं तर पासवर्डही लागत नाही.

लोक २० टक्क्यांवर ठेवतात, शांतता झाली म्हणून खूश होतात, आणि इथेच फसतात. आयड्रॅक प्रोसेसरचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघतो. तुमच्या एचबीए कार्डामागच्या डिस्क त्याला दिसत नाहीत. प्रोसेसर रिकामा, ४५ अंशांवर निवांत, आणि त्याच वेळी मधल्या दोन डिस्क ५२ वर, असं चित्र नागपुरात मे महिन्यात हमखास दिसतं. एचबीएची चिपही सर्व्हरच्या हवेच्या भरवशावर बनवलेली असते, तिच्यावर पंखा नसतो. ती तापली की डिस्क मधूनच गायब होतात आणि दोष डिस्कचा वाटतो. म्हणून वेग ठरवणारी छोटी स्क्रिप्ट दर मिनिटाला सगळ्या डिस्कचं तापमान वाचणारी हवी. सर्वात गरम डिस्क ४२ च्या खाली असेल तर २० टक्के, ४२ ते ४५ ला २५, ४५ ते ४८ ला ३५, आणि त्यापुढे किंवा प्रोसेसर ७० च्या वर गेला तर सरळ स्वयंचलित. तापमान वाचताच आलं नाही तरी स्वयंचलित. ही शेवटची ओळ विसरली की स्क्रिप्ट अडकलेल्या दिवशी पंखे २० वरच राहतात. स्क्रिप्टची फाइल पूलवर ठेवा, ट्रूनॅसच्या सिस्टम डिस्कवर नको, अपडेटमध्ये ती पुसली जाते. चांगली बैठी २यू पेटी अशा तऱ्हेने नऊ महिने टेबलफॅनपेक्षा कमी आवाजात चालते. एप्रिल ते जूनचा आवाज मात्र सोसावाच लागेल, किंवा त्या दिवसांत दुपारी १२ ते ६ सर्व्हर बंद ठेवा.

वीज. सर्व्हरचा पॉवर सप्लाय अर्थिंगबाबत चोखंदळ असतो. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो ३ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा बघा. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की जुन्या घरांची अर्थिंग नावापुरती उरते, त्यात बादलीभर पाणी टाकल्यावर आकडा खाली आला तर कारण तेच. घरच्या इन्व्हर्टरवर लावणार असाल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आणि 'यूपीएस' मोडवर हवा. साध्या मोडवर बदलायला लागणाऱ्या वेळात सर्व्हर रीस्टार्ट होतो, आणि चौकोनी लहरीवर काही सप्लाय चालतच नाहीत. वेगळा यूपीएस घ्यायचा तर १००० व्हीएचा, यूएसबी पोर्ट असलेला. ६०० व्हीएचा ११० वॉटला पुरतो, पण सुरू होताना प्रत्येक डिस्क २० वॉटच्या वर ओढते, तेव्हा तो कुरकुरतो. ट्रूनॅसमध्ये यूपीएसची सेवा चालू करून ५ मिनिटं बॅटरीवर गेली की आपोआप बंद असं ठरवा, आणि बायोसमध्ये वीज परत आल्यावर 'लास्ट' ठेवा. यूपीएसची बॅटरी २५ अंशांच्या वर दर १० अंशांना निम्मं आयुष्य गमावते. आपल्याकडे दोन वर्षांनी बदलायची असंच धरून चाला.

पूल सहा डिस्कचा रेड-झेड२ करा. कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी फाइली राहतात. ४ टीबीच्या सहा डिस्कमधून संगणकाच्या मोजणीने १४.५ टीबी मिळतात, पण ८० टक्क्यांच्या पुढे भरू नका, म्हणजे वापरायला साडेअकरा. स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) महिन्यातून एकदा, रात्री. स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रती) तासाचे दोन दिवस आणि रोजचे महिनाभर ठेवा. भावाने चुकून फोल्डर उडवला किंवा लॅपटॉपवर खंडणीचा व्हायरस आला तर हेच वाचवतात.

नेटवर्कसाठी सर्व्हरवरच्या चार पोर्टपैकी एकच वापरा. १ गिगाबिटला ११० एमबी प्रतिसेकंद मिळतात. चार तारा जोडून एका लॅपटॉपची कॉपी चौपट होत नाही. वेग ११ एमबीवर अडकला असेल तर सर्व्हरला शिव्या देण्याआधी भिंतीतली वायर बघा. केबलवाल्याने आठपैकी चारच तारा क्रिंप केल्या की जोडणी १०० मेगाबिटवर थांबते. बाहेरून बघायचं असेल तर वायरगार्ड (घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित बोगदा, व्हीपीएन). राउटरवर पोर्ट उघडून फाइल शेअर किंवा आयड्रॅक इंटरनेटवर सोडू नका, या वयाच्या आयड्रॅकला तर मुळीच नाही.

रेड-झेड२ असला तरी वीज कोसळली किंवा चोरी झाली तर सहाही डिस्क एकदम जातात. फोटो आणि ग्राहकांना अजून न दिलेलं शूटिंग आठवड्यातून एकदा ८ टीबीच्या यूएसबी डिस्कवर उतरवा आणि ती वर्ध्याला, अमरावतीला, जिथे नातेवाईक असतील तिथे ठेवून दुसरी फिरती ठेवा. शेवटी, डिस्क कप्प्यांत सरकवण्याआधी प्रत्येकीचा सिरीयल नंबर कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून ट्रेच्या पुढच्या कडेला चिकटवा. ट्रूनॅस मेलेल्या डिस्कचा सिरीयल सांगतो, कप्पा सांगत नाही, आणि घाईत शेजारची चांगली डिस्क ओढली जाते.